काढून ठेवलेली सीट

मी एक जुनी गाडी बोलतेय. मिठबावात राधाबाईंच्या घरामागे, माडाखाली उभी असते. माडाखाली गाडी लावू नये, नारळ पडतो, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. माझ्या टपावर खळगा पडलाय तो त्यामुळेच. पूर्वी मला इथे कोणी लावलं नसतं. पूर्वी मला लावणारा वेगळा होता.

तो गेला. पण मी सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तेवढंच सांगत बसेन.

मला कारखान्यातून बाहेर पडून वीस वर्षं होत आली. लहान अंगात मोठं पेट्रोल इंजिन, थोडक्या पैशात जोरात पळणारी गाडी, अशी आमची जाहिरात होती. आणि मला घेतलं कोणी, तर कुडाळच्या गुरुप्रसाद मास्तरांनी. ते घरून शाळेत आणि शाळेतून घरी जायचे. लांब सायकल दिसली तरी ब्रेक दाबायचे. त्यांच्याकडे असेपर्यंत मला पाचवा गिअर आहे हे माहीतच नव्हतं. रविवारी मला धुवून पुसून झालं की ते बाजारात चालत जायचे, मी पुन्हा मळेन म्हणून.

मास्तर थकले. मग मी कसालला एका गॅरेजबाहेर हायवेच्या धुळीत पडून राहिले. चाकांतली हवा गेली, उंदरांनी वायरी कुरतडल्या, मांजरीने माझ्या मागच्या सीटवर पिल्लं घातली. तिथे मला कौस्तुभने पाहिलं.

कौस्तुभचं मिठबावात छोटं गॅरेज होतं. रिक्षा, मोटारसायकली, होड्यांची इंजिनं, जे येईल ते दुरुस्त करायचा. बरोबर धाकटा भाऊ बाबू. बाबूने नववीत एका दुपारी दप्तर विहिरीत टाकलं आणि पुन्हा शाळेत गेला नाही. तो असाच आहे. आधी करतो.

"दादा, ह्या मढ्यात काय बघतंस?" बाबू म्हणाला.

"मढा नाय रे. निजलेला आसा."

दोघांनी मला टेम्पोवर घालून आणलं. कौस्तुभने इंजिन उतरवलं, धुतलं, परत बसवलं. मग माझ्या आतलं एकेक काढायला लागला. गालिचा काढला, गाण्यांचा डबा काढला, मागची सीट काढली. "वजन काढला की गाडी पळता," हे त्याचं म्हणणं. उलटली तर माणूस चेपू नये म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडला. शेवटी ड्रायव्हरच्या शेजारची सीटही काढली.

ती राधाबाईंनी मागून घेतली. पडवीत दोन चिऱ्यांवर ठेवली आणि तिच्यावर बसून काजूच्या बिया निवडायला लागल्या.

"बरी आसा गो, आये?" कौस्तुभने विचारलं.

"मास्तराच्या बायलेन बसान बसान नरम करून ठेवल्यान हा. माका आयती गावली."

माझ्यात आता एकाच माणसापुरती जागा उरली. मला त्याचं काही वाटलं नाही. मी हलकी झाले होते, आणि पळत होते.

पळायला जागा होती गावावरच्या सड्यावर, जांभ्याच्या उघड्या माळावर. तिथे कोणी बंगल्यांसाठी प्लॉट पाडले होते. दारात सिमेंटचे दोन सिंह, आत गोल डांबरी रस्ता, रस्त्याकडेला दिव्यांचे खांब. बंगले आलेच नाहीत. खांबांवर दिवा कधी लागला नाही. सिंहांवर शेवाळ चढलं. आजूबाजूच्या गावांतली गाडीवेडी पोरं रविवारी तिथे जमायची. एकेक गाडी एकटी सोडायची आणि घड्याळ लावून वेळ मोजायचा. समुद्राच्या बाजूला एक कोपरा होता, तिथे वाऱ्याने जांभ्याची लाल खडी डांबरावर येऊन पडायची. तो कोपरा सगळ्यांना नडायचा.

त्या कोपऱ्यावर कौस्तुभ माझ्याकडून शिकला. माझा ब्रेक एकदम दाबून धरला की चाकं अडकतात आणि मी घसरत सरळ जाते, स्टिअरिंग कितीही वळवलं तरी. म्हणून दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. एका श्वासात तीनदा. कौस्तुभने ते बाबूलाही शिकवलं. माझ्याबरोबर धावत खिडकीतून ओरडायचा, "दाब, सोड. दाब, सोड. पाय आसा काय खांब तो?" दोघांच्या पायांना ती सवय इतकी लागली की विचारच करावा लागत नसे.

मागच्या वर्षी प्रीतमने नवी गाडी आणली. प्रीतम कौस्तुभचा शाळेतला मित्र, आंब्याच्या धंद्यात बरं चाललंय. गाडी माझ्याच जातीची, लहान आणि जोरदार, पण आजची. टर्बो इंजिन, सहा एअरबॅग, चाकं अडकू न देणारा ब्रेक. सड्यावर पोरं म्हणाली, होऊन जाऊ दे, जुनी की नवी. कौस्तुभने दोन्ही चालवल्या, आलटून पालटून, सगळी सकाळ.

"बोल, खंयची बरी?" प्रीतमने विचारलं.

"नवी. कोपऱ्यार धरता, लवकर थांबता. टायमात जुनी हिका कधी गावची नाय."

"मगे जुनी इकून टाक."

"नवी काय सांगणा नाय रे. सगळा आपणच करता आणि गप रवता. ही बोंबलता. हिच्या बोंबलण्यान माका कळता, मी खंय आसंय ता."

मला राग आला नाही. खरंच होतं ते. माझ्या स्टिअरिंगमधून खडा न् खडा हाताला लागतो. चूक झाली की मी तिथल्या तिथे घाबरवते. नवी चूक पोटात घालते, आणि माणसाला ती झाली हेच कळत नाही.

मग कोल्हापूरची पोरं मिठबावला येणार असं ठरलं, आपल्या गाड्या घेऊन, सड्यावर वेळ मोजायला. कौस्तुभ मला नेणार होता. प्रीतम म्हणाला माझी ने. बाबू म्हणाला जुनीच ने, तिने आपल्याला शिकवलं. घरात तीन दिवस तेच. राधाबाईंना गाड्यांतलं काही कळत नव्हतं. त्यांना मुलगा परत यायला हवा होता. त्या दोन्ही मुलांना घेऊन देवळात गेल्या.

आमच्याकडे काही ठरत नसलं की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवीकडची पडली तर होकार. मी बाहेर उभी होते, मला ऐकू आलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक जुन्येपेक्षा नवी गाडी राखतली असात, तर उजवो कौल दी."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. राधाबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा.

उजवी पाकळी पडली. राधाबाई हसत बाहेर आल्या. बाबूने माझ्या चाकाला लाथ मारली. कौस्तुभ त्याला म्हणाला, "आयेचा मन रवांदे रे."

कोल्हापूरची पोरं आली त्या दिवशी बाबूनेच मला सड्यावर नेलं. सिंहांजवळ मी उभी होते आणि तो माझ्या बोनेटवर बसला होता. सुटण्याआधी प्रीतम कौस्तुभला सांगत होता, "हिचो ब्रेक एकदाच दाबायचो आणि धरून रवायचा. पायाखाली थरथरता, थरथरू दी. सोडू नको." कौस्तुभ म्हणाला, "मिस्त्रीक शिकय तू." त्याला माहीत होतंच. दोन्ही गाड्या चालवल्या त्या सकाळभर त्याने तसंच केलं होतं.

दोन फेऱ्या नव्या गाडीने कसल्याही आवाजाशिवाय काढल्या. तिसऱ्या फेरीला ती समुद्राकडच्या कोपऱ्याकडे वळली. लाल खडी त्या दिवशी जास्तच आली होती. गाडी जराशी सरकली असेल. तो दचकला असेल. मला दिसलं नाही, मी फक्त ऐकलं. टायर वाजले. थांबले. वाजले. थांबले.

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. त्याच्या डोक्याला माहीत होतं तो नव्या गाडीत बसलाय. पायाला नव्हतं. आणि दर वेळी पाय उचलला तेवढं त्या गाडीला थांबता आलं नाही.

बाबूही बोनेटवरून उठून उभा राहिला होता. त्यानेही ओळखलं होतं.

गाडी सरळ गेली आणि दिव्याच्या खांबाला बाजूने लागली, ड्रायव्हरच्या बाजूने. एअरबॅगा उघडल्या. सगळ्या उघडल्या. कौस्तुभ दवाखान्यात पोचलाच नाही.

त्यानंतर प्रत्येकाने आपापला गुन्हेगार शोधला. प्रीतम म्हणतो खडी. लोक म्हणतात पोरांचा माज. राधाबाई देवळाच्या वाटेलाच जात नाहीत. आणि बाबू म्हणतो, नवी गाडी. एकदा प्रीतम पडवीत आला होता, तेव्हा बाबू त्याला म्हणाला, "तुझ्या गाडयेन दादाक खाल्ल्यान. तो कोपरो मी जुन्येन काढून दाखवतंय. तुझ्या गाडयेच्या टायमात."

"तिका नाय जमाचा ता. तुका म्हायती आसा."

"नाय जमला तर नाय जमला."

"मगे आयेन कोणाकडे बघूचा?"

बाबूने त्याला हाताला धरून अंगणाबाहेर काढलं. राधाबाई तिथेच सीटवर बसल्या होत्या, मांडीवर काजूच्या बियांनी भरलेलं सूप. नुसत्या बिया चाळत राहिल्या, चांगल्या आणि किडक्या एकातच.

परवा सकाळी बाबू बॅटरी घेऊन आला. ती बसवली, चाकांत हवा भरली. कौस्तुभचं हेल्मेट घातलं. मी सुरू झाले. मला व्हायचं नव्हतं, पण गाडीला विचारतो कोण. त्याचे हात स्टिअरिंगवर इतके घट्ट होते की मला कळलं, हा वेळ मोजायला चाललेला नाही. जमलं नाही तरी चालेल म्हणून चाललाय.

तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं. राधाबाईंनी लुगडं खोचलं आणि वाकून आत शिरल्या.

"आये, काय करतंस? हयसर बसाक नाय. सीट खंय आसा?"

"पत्र्यार बसतंय. जलम जमनीरच बसान गेलो."

"तू उतर."

"तो कसो गेलो ता माका बघूचा आसा. चल."

त्या उघड्या पत्र्यावर बसल्या, पिंजऱ्याची नळी दोन्ही हातांनी धरून. सड्याचा चढ चढताना खालून दगड पत्र्यावर आपटत होते आणि त्या दर वेळी उडत होत्या. सिंहांजवळ बाबूने मला थांबवलं.

"हयसर उतर आये. दगडार बसान बघ."

"कौस्तुभ किती जोरान गेलेलो?"

बाबूने हेल्मेटचा पट्टा ओढून घट्ट केला.

"तितक्याच जोरान चल. माका घेवन चल."

त्याने पाय पेडलवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मला तो पूर्ण कळत होता, मी बोंबलणारी गाडी ना. त्याने पहिला गिअर घातला. मग दुसरा. तिसरा घातलाच नाही. त्या गोल रस्त्यावरून मी कधी इतकी सावकाश गेले नव्हते. कोपरा आला तेव्हा आम्ही चालत असल्यासारखे होतो. तरी त्याने ब्रेक दाबला तो तसाच. दाब, सोड. दाब, सोड.

डांबरावर रेघा अजून आहेत. लहान पुसट रेघ, मग मोकळी जागा, मग पुन्हा रेघ. बाबू हेल्मेट काढून खाली उतरला आणि आईला दाखवू लागला. "हयसर दाबल्यान. हयसर सोडल्यान. हयसर परत दाबल्यान."

राधाबाई दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेत बसल्या. तिथे तळहात ठेवला. डांबर तापलं होतं, तरी काढला नाही.

"मी देवाक इचारलंय, खंयच्या गाडयेन जाव," त्या म्हणाल्या. "जाव काय नको, ता इचारूकच नाय."

बाबू त्यांच्याशेजारी बसला. दिव्याचा खांब अजून वाकलेलाच आहे.

येताना त्याने मला मास्तरांसारखं चालवलं. लांब एक म्हैस दिसली, तेव्हाच ब्रेक दाबला. घरी पोचल्यावर राधाबाई उतरल्या, तेव्हा पत्र्याच्या काठाने त्यांची पोटरी कापलेली होती. बाबू हळद आणायला धावला.

हे सगळं झालं म्हणून बाबू बरा झाला असं मी सांगणार नाही. काल दुपारी तो पुन्हा माझ्यात येऊन बसला होता, हेल्मेट मांडीवर, पाय ब्रेकवर. बॅटरी अजून काढलेली नाही. तो परत निघेल, मला माहीत आहे. त्या दिवशी राधाबाई माझ्यापर्यंत वेळेत पोचतील, न पोचतील.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. पडवीतली ती सीट परत आणा. तिची चार भोकं माझ्या पत्र्यात अजून तशीच आहेत, गंजायच्या आत बसवा. म्हाताऱ्या बाईला चटकन येऊन बसता आलं पाहिजे. कौस्तुभ म्हणायचा, वजन काढलं की गाडी पळते. बरोबर होतं त्याचं. मला ते वजन परत हवंय.