मेधाक्काचा हात

"मार ना! मेधा, मार!" हणमंतराव खुर्चीतून अर्धे उठले.

चेंडू टेबलावरच्या जाळीच्या वर वीतभर उडाला होता. मारायलाच आलेला. मेधा नीट वळली, बॅट मागे गेली आणि चेंडू अलगद पलीकडच्या मुलीच्या पुढ्यात जाऊन पडला. त्या मुलीने तो सणसणीत मारला. सामना संपला.

मेधा घाम पुसत आली. "सॉरी सर."

"अगं, एवढा सोपा चेंडू?"

"काय की सर. चेंडू आला की हात आपोआप तिकडेच जातो. समोरच्याला घेता येईल तिकडे."

हणमंतरावांनी तिच्या हातातली बॅट घेऊन पिशवीत घातली. तिचा हात असा कोणी केला, हे त्यांना ठाऊक होते.

निवृत्त झाल्यापासून गणिताचे हे मास्तर नल्लकुंट्यातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये टेबल टेनिस शिकवत. टेबल एकच. मुली आठव्या-नवव्या वर्षी येत आणि बाराव्या वर्षाच्या आसपास गळत. "मोठी झाली आता सर, हॉलवर सगळे पोरंच असतात," आया म्हणत. हणमंतरावांनी कितीतरी दारांत उभे राहून विनवण्या केल्या. मेधा मात्र बारा वर्षांची झाली तरी येत राहिली. मग त्यांच्या लक्षात आले, की दारातून डोकावणाऱ्या आईला आत एक मोठी मुलगी दिसली की ती निर्धास्त होते, आपली पोर सोडून जाते. त्यांनी मेधाला चेंडूंची टोपली देऊन टेबलाच्या पलीकडे उभे केले. छोट्यांच्या बॅटवर बरोबर येईल असा मऊ चेंडू ती देई. रडणाऱ्या पोरी हसू लागल्या. तेलुगू घरांतल्या मुलींनी तिला अक्का केले, मग ती सगळ्यांचीच मेधाक्का झाली. मुली टिकल्या. मुलींना खेळात टिकवल्याबद्दल मंडळाने हणमंतरावांना शालही दिली. त्या दिवशी मेधा खुर्च्या मांडत होती.

"सर, आज मी पोरांबरोबर खेळू?" ती मधूनमधून विचारायची.

"आज छोट्या बऱ्याच आल्यात गं. उद्या बघू."

आता हरलेल्या सामन्याहून परतताना रिक्षात हणमंतराव तो उद्या आठवू पाहत होते. एकही आठवला नाही.

चिक्कडपल्लीच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मेधाची आई, वैशाली, म्हणाली, "सर, हिचं खेळणं आता राहू द्या. दहावी आहे. दरवेळी पहिल्याच सामन्यात हरते, मग दोन दिवस जेवत नाही. तुमचं काम अडणार नाही, छोट्यांना शिकवायला येईल ती."

"हौ सर," मेधा म्हणाली. "शिकवायला येते मी. नाहीतर पोरी परेशान होतील."

हणमंतरावांना क्षणभर हायसे वाटले. मग आपल्याला हायसे वाटले याचीच त्यांना लाज वाटली. घर येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेधाला छोट्यांच्या आधी बोलावले.

"बॅट घे. आज माझ्याशी खेळायचं. हरवायचं मला."

"तुम्हाला?" ती हसली. "नक्को सर."

पहिला चेंडू त्यांच्या पुढ्यात आला. दुसराही. तिसराही.

"मला घेता येणार नाही तिथे टाक."

"तुमचा गुडघा, सर..."

"गुडघ्याचं मी बघतो. तू मार!"

त्यांनी मुद्दाम उंच चेंडू दिला. मेधाने ओठ आवळले. बॅट फिरली आणि चेंडू त्यांच्या काखेखालून सुटून थेट हॉलच्या टोकाच्या स्टेजखाली गेला. असा फटका तिच्या हातात होता आणि इतकी वर्षे तो त्यांनी पाहिलाच नव्हता.

"सॉरी सर!" ती चेंडू आणायला धावली.

"थांब! पॉइंट तुझा आहे. चेंडू मी आणतो."

ते गुडघे टेकून स्टेजखाली वाकले. आत अंधार होता, मोडक्या खुर्च्या होत्या. चाचपडताना ते मनात वाक्य जुळवत होते: आजपासून तू पोरांबरोबर खेळायचंस. छोट्यांना मी चेंडू देईन. पोरी गळल्या तर गळू देत. वैशालीशी मी बोलतो.

चेंडू सापडला. स्टेजची कड धरून ते उठले तेव्हा छोट्या येऊन पोचल्या होत्या.

"मेधाक्का, पहले मेरेकू!"

"नक्को! कल तूच थी पहले!"

"भांडू नका गं. ईशा, तू ये." मेधाने ईशाचे मनगट धरून बॅट सरळ केली. दारात एक नवी आई पोरीचा हात धरून उभी होती. तिने मेधाकडे पाहिले आणि पोरीला आत ढकलले.

"सर, चेंडू द्या ना," मेधाने हात पुढे केला. "पोरी थांबल्यात."

हणमंतरावांनी तो मुठीत घट्ट धरला. नव्या पोरीने तोंडात बोट घातले होते, ती रडायच्या बेतात होती.

त्यांनी चेंडू दिला आणि ते भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले.

मेधाने तो हळूच पलीकडे टाकला. ईशाच्या बॅटला तो बरोबर लागला. पोरींनी टाळ्या वाजवल्या, दारातल्या आईनेही वाजवल्या. हणमंतरावांचे हात मांडीवरच राहिले.