सावित्रीबाईंचा हात आणि ओले फडके

मित्रांनो, डोळे मिटा. तुमच्या ओंजळीत तळ्यातल्या चिकट मातीचा गार गोळा आहे असे समजा. तो गोळा म्हणजे मी.

बारा वर्षे मी देवासात दत्तोपंत मूर्तिकारांकडे राबलो. माझ्यातून ते सरदारांची तोंडे घडवत, त्यांवरून प्लास्टरचा साचा घेत आणि मला खरवडून पुन्हा घमेल्यात टाकत. शाबासकी त्या साच्यावरून घडलेल्या संगमरवराला, माझ्या वाट्याला तुडवणे. राग यायचा, पण गिळायचो.

एकोणीसशे सातच्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी सावित्रीबाई अंथरुणाला खिळल्या. दत्तोपंत त्यांचा चेहरा घडवायला बसले, तशा त्या म्हणाल्या, "चेहरा नको. हात करा. आपल्या बकुळाला माझ्या हाताची सवय आहे." मग माझ्यातून त्यांचा हात घडला. विळीने अंगठ्यावर पडलेला व्रणसुद्धा मी धरून ठेवला. आठ दिवसांनी त्या गेल्या.

साच्याला प्लास्टर नव्हते. "पोतं इंदूरला अटकलंय, भिया. परसों आणतो," गाडीवान दर खेपेस म्हणे. तोवर वाळलो असतो तर मी तडकलो असतो. पण त्यांची आठ वर्षांची लेक बकुळा सकाळ-संध्याकाळ फडके भिजवून माझ्यावर घाली.

तेराव्याची पंगत उठली आणि दत्तोपंतांच्या बहीण भवानीबाई म्हणाल्या, "दत्तू, गेलेल्या माणसाचा मातीचा हात घरात ठेवतात का रे? गणपतीसारखा तळ्यात सोड."

दत्तोपंतांनी, बकुळाच्या तात्यांनी, मान खाली घातली. सरदाराची मिशी जवभर चुकली तर जेवण सोडणारा हा माणूस बायकोच्या हातासाठी एक शब्द बोलला नाही! आणि मी काय देव होतो मला बोळवायला? देव पुढच्या वर्षी परत येतो. हा हात येणार नव्हता. मित्रांनो, मातीचे म्हणून काही टाकण्याआधी बघा तरी, त्याने काय धरून ठेवले आहे.

भवानीबाईंनी मला पाटावर ठेवून पाट बकुळाच्या हाती दिला आणि तिला तळ्यावर नेले. तळ्याच्या पायरीवर पाणी माझ्यापासून वीतभर राहिले. याच तळ्यातून मी निघालो होतो. आत गेलो की घटकाभरात नखे, व्रण, सारे विसरणार होतो. या खेपेस मला तोंड दिले नव्हते, नाहीतर एकेकाला चांगले सुनावले असते.

"सोड, बाळ," आत्या म्हणाली.

बकुळाने माझ्यावरचे फडके काढले, तळ्यात बुडवले, पिळले आणि पुन्हा मला घट्ट गुंडाळले. मग पाट मांडीवर घेऊन पाण्याकडे पाठ करून बसली.

"आत्या, तू जा घरी. पोतं आलं की तात्यांना इकडेच पाठव."