वारशाचं जाकीट

जाकीट घ्यायला मला कुणी भरीस घातलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. सगळा मूर्खपणा माझा एकट्याचा. अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफच्या एका दुकानात ते टांगलेलं होतं. काऊबॉय पद्धतीचं, मोत्यासारखी टिचबटणं, बाह्यांना चामड्याच्या झालरी आणि पाठभर लाल-काळ्या पायऱ्यापायऱ्यांची नक्षी. आतल्या चिठ्ठीवर छापलं होतं, ‘नवाहो वारशापासून प्रेरित.’ मी गेली त्रेपन्न वर्षं नवाहो जमातीचाच आहे, पण माझ्यापासून कुणाला प्रेरणा मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. लगेच घेऊन टाकलं.

घरी थोरल्या बहिणीने, लव्हेराने, ते उलटंसुलटं करून पाहिलं.

“ही तर आपल्या आजीच्या घोंगडीवरची नक्षी,” ती म्हणाली. “ती घोंगडी तू ट्रकच्या सीटवर टाकलीयस. कुत्रं झोपतं तिच्यावर.”

“हे वेगळं आहे.”

“वेगळं आहेच. ह्याच्यावर कुत्रंसुद्धा झोपायचं नाही. कोण आहे ती?”

मी जाकीट तिच्या हातून काढून घेतलं. बोलण्यासारखं झालंच कुठे होतं? ट्युबा सिटीच्या शुक्रवारच्या बाजारात अर्नेला नावाची बाई गाड्यावर भाजलेलं मटण विकायची. तळलेल्या भाकरीत मटण, वर भाजलेली हिरवी मिरची. मी पाण्याचा टँकर चालवतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून रात्रीचं जेवण मी उभ्यानेच डब्यातून उरकतो. अर्नेलाने पहिल्याच शुक्रवारी विचारलं होतं, “बसून खाणार ना?” तेवढ्यावर माझं काम तमाम झालं. ह्या शुक्रवारी तिला विचारायचं होतं, शनिवारी सभाघरात गाणी आणि नाच आहेत, माझ्याबरोबर येशील का? जाकीट त्यासाठी होतं.

दोन गोष्टी मात्र मी आठ शुक्रवार टाळत आलो होतो.

पहिली म्हणजे तिची आई. म्हातारी गाड्याशेजारी खुर्ची टाकून बसलेली असायची. आमच्यात जावयाने सासूच्या तोंडाकडे बघू नये असा जुना दंडक आहे. ती माझी सासू झालेली नव्हती, पण सवय आधीपासून असलेली बरी, म्हणून मी आठही वेळा तिच्याकडे पाठ करून मटण खाल्लं. असा आगाऊ जावई साऱ्या मुलखात दुसरा झाला नसेल.

दुसरी गोष्ट कुळाची. आमच्यात माणूस भेटलं की आधी आपलं कुळ सांगायचं. आईचं, कारण तेच आपलं, मग बापाचं, मग दोन्ही आजोबांचं. कुळ जुळलं की नातं निघतं, आणि नातं निघालं की लग्नाचं नाव काढायचं नाही. हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी अर्नेलाला विचारलं नव्हतं. विसरलो होतो असं नाही. विचारलंच नव्हतं.

तर त्या शुक्रवारी मी जाकीट चढवून, केस मागे बांधून गाड्यापाशी पोहोचलो. वारा सुटला होता, झालरी तोंडावर येत होत्या. अर्नेलाने मान वर केली आणि ओठ घट्ट दाबले. मला वाटलं, पसंत पडलं. मी नेहमीसारखी म्हातारीकडे पाठ केली, म्हणजे ती सगळी नक्षी तिच्या समोर धरली.

“अर्नेला,” म्हातारी म्हणाली, “टुरिस्ट आलाय बघ. ह्याला मिरची कमी घाल, मागच्यासारखं कुणी रडायला नको.” मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला म्हणाली, “वेलकम, साहेब! कुठल्या गावचे? फोटो काढायचा तर आधी काहीतरी घ्या!”

शेजारी ट्रकमधून गवताचे भारे विकणारा माणूस खो खो हसला. तेव्हा मी गप्प बसलो असतो तर आज ही गोष्ट वेगळी असती. पण माझा तिळपापड झाला. टुरिस्ट? मी? मी छाती पुढे काढली आणि, पाठ तशीच ठेवून, चांगल्या ठणठणीत नवाहोत अख्ख्या बाजाराला ऐकवलं, “माझी आई उंच घरवाल्यांची! बाप कडू पाण्यावाल्यांचा! आईचा बाप चिखलवाल्यांचा आणि बापाचा बाप मीठवाल्यांचा! असा आहे मी नवाहो पुरुष!”

टाळ्या पडतील असं वाटलं होतं. चुलीवर चरबी तडतडत होती, तेवढाच काय तो आवाज.

“उंच घरवाले?” म्हातारी हळूच म्हणाली. “अरे, माझा नवरा त्यांच्यातलाच होता. गेला बिचारा.”

हिशेब करायला मला फार वेळ लागला नाही. अर्नेलाचा बाप माझ्या कुळातला, म्हणजे मी तिच्या बापाचा भाऊ. आणि बापाचा भाऊ म्हणजे आमच्यात बापच, धाकटा बाबा. मी त्रेपन्नाचा, माझी ही नवी मुलगी पंचावन्नची.

“मग इकडे वळ की रे!” म्हातारी आता खुशीत आली होती. “दीर लागतोस तू माझा. दिराने वहिनीचं तोंड बघायला कुणाची बंदी नाही. दोन महिने मला वाटतंय, ह्या माणसाची मान आखडलीय!”

मी वळलो. चांगला हसरा चेहरा होता तिचा. उगाचच आठ शुक्रवार वाया घालवले.

गवतवाला डोळे पुसत होता. अर्नेला हसत नव्हती. ती मिरचीचं साल काढत होती, ते निघून गेलं तरी बोटं तशीच चालू होती. मला फार वाईट वाटलं, आणि जाकिटात उकडायलाही लागलं.

“चूक माझी,” मी हळू आवाजात तिला म्हणालो. “पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.”

“मी तरी कुठे विचारलं?” ती म्हणाली. “शंभर गिऱ्हाइकांना विचारते मी. तुम्हालाच विचारलं नाही.”

मग तिने भाकरीत मटण भरलं, वर भरपूर मिरची घातली आणि माझ्या हातात दिलं. मी खिशात हात घातला तर तिने आमच्या पद्धतीने ओठ पुढे काढून खिशाकडे खूण केली, राहू दे.

“आईकडची लाकडं संपत आलीत,” ती म्हणाली. “थंडी तर सुरू झाली. उद्या शनिवारी डोंगरावरून एक खेप आणून द्याल का, धाकटे बाबा? आणि ते जाकीट नका घालून येऊ. झालरी अडकतील.”

मी घास गिळला. मिरची तिखट होती, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीने ते पाहिलं आणि न चिडवता पाण्याचा पेला पुढे केला.

“आणीन,” मी म्हणालो. “शनिवारी मोकळाच आहे मी, पोरी.”