बारावी सुरी

घरात माणसं दोन आणि सुऱ्या अकरा, हे आमच्या ह्यांचं आवडतं वाक्य. ह्यांनी उभा जन्म शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे काही ना काही मोजल्याशिवाय चैन पडत नाही. भाजीच्या सुऱ्या यात धरलेल्या नाहीत. या अकरा माझ्या वह्यांच्या.

निवृत्त झाल्यावर मी घरी वह्या बांधायला लागले. शिलाई जमते, पुठ्ठा जमतो, घोडं अडतं ते चामड्यापाशी. वहीवर चढवण्याआधी चामड्याची कड तासून कागदासारखी पातळ करावी लागते, नाहीतर ती नीट दुमडत नाही. माझी सुरी एक तर वरून घसरते, नाहीतर आत घुसून भोक पाडते. असं झालं की मी नवी आणते. एकीचं पोलाद चांगलं म्हणून, एकीची मूठ लाकडी म्हणून. धार लावायचे दगडसुद्धा तीन झाले. पण दोष सुरीचा नाही, हे मी मनोमन धरून चालले होते. शिवणाच्या बाईंनी माझा रुमाल अख्ख्या वर्गाला दाखवला होता आणि म्हणाल्या होत्या, "हिचा हात जड आहे." त्याला पन्नास वर्षं झाली. मला ते अजून खरं वाटायचं.

त्यातच लेक काही महिने राहायला येणार होती. तिला घरून काम करायला टेबल हवं होतं, आणि तसं टेबल घरात एकच, माझं. "आणखी एक सुरी बघते. नाही जमलं तर गाशा गुंडाळते, टेबल तिला," मी म्हणाले. हे पेपरातून डोकं वर न काढता "बरं" म्हणाले. ते "बरं" मला फार लागलं.

दुकानात गल्ल्यावर माझ्याच वयाच्या बाई होत्या. समोर चामड्याचे तुकडे ठेवलेले. घ्यायच्या आधी कापून बघा, अशी तिथली पद्धत. एरवी चारचौघांत कापायची मला लाज वाटते, म्हणून मी सुऱ्या नुसत्या बघून घ्यायची. आज मात्र शेवटचंच म्हणून एक उचलली आणि चालवली. पडलं भोक.

"तुम्ही डावखुऱ्या?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग उजव्या हाताची सुरी कशाला घेताय?"

मला काही कळेना. त्यांनी सुरी आडवी धरून दाखवली. धारेचा उतार एकाच बाजूला होता, दुसरी बाजू सपाट. "सपाट बाजू चामड्यावर टेकायला हवी. तुमच्या हातात ती वर येते. मग सुरी घुसणार नाहीतर काय?"

त्यांनी खालच्या खणातून एक सुरी काढली. तिच्यावर धूळ होती. कोणी मागत नाही, म्हणाल्या. मी ती टेकवली आणि पुढे ढकलली. चामड्याची पातळ साल अलगद निघून आली. मी तो तुकडा संपेपर्यंत कापत राहिले. बाईंनी दुसरा पुढे सरकवला.

घरी आल्याबरोबर ह्यांनी विचारलं, "बारावी?"

"बारावी. जरा इकडे या."

मी जुन्यांतली एक ह्यांच्या उजव्या हातात दिली. "मला काय येतंय त्यातलं," असं कुरकुरत ह्यांनी ती चालवली. पहिल्याच झटक्यात कड सुरेख निघाली. कधी साधं पाकीट सरळ फाडता न आलेला माणूस! मग ह्यांनी एकेक सुरी उचलून तिचा उतार बघितला.

"अकराच्या अकरा उजव्या," हे म्हणाले. "आणि मी तुला हसत होतो."

"हसत होतात. आणि बरंही म्हणालात."

मला राग आला होता, ह्यांचा कमी आणि त्या रुमालाचा जास्त. डोळे पुसून मी माझी सुरी घेतली आणि कामाला बसले. हात हलका चालला होता.

हे थोडा वेळ बघत उभे राहिले. मग खणात शोधाशोध सुरू झाली.

"काय हवंय?"

"मोजायची टेप. बाहेरच्या खोलीत लेकीसाठी नवं टेबल बसतं का, बघतो."