पानमळ्यावरची सावली

"चपला आमी काढायच्या, अन् हे बेणं खडावांसकट आत!" गोजरबाई माझ्या कानाशी पुटपुटली. पानमळ्यात पायताण चालत नाही, म्हणून तापलेल्या बांधावर ती एकेक पाय उचलत होती.

त्र्याहत्तरचा उन्हाळा, दुष्काळाचा; गोठ्यांत चाऱ्याची काडी नाही. तिसगावच्या वाटेवर कारभारीअण्णांच्या पानमळ्याभोवती अख्खं गाव लोटलं होतं. मळा करपलेला, फक्त कोपऱ्यातल्या म्हसोबापाशी चार ओळी हिरव्यागार. तिथेच तो खडावांवाला बाबा बसला होता. आठ दिवसांपूर्वी आला, मळ्यातली एकुलती एक गार जागा बरोबर हेरली, वर लिंबू टांगलं आणि चमत्कार आपल्या नावावर केला.

"काळी सावली, वेल जाळी!" बाबा घुमला. "विटाळशी बाई मळ्यात शिरली. तिची सावली पडली तिथं जळालं, माझा श्वास लागला तिथं वाचलं. तिला धाडा माहेरी, पालवी फुटंल दारी!"

गावाने माना डोलावल्या. यमक जुळलं की आमच्या गावाला पुरावा लागत नाही.

ती बाई म्हणजे अण्णांची सून पुष्पावती. सासऱ्याला भाकर द्यायला मळ्यात गेली, एवढाच तिचा गुन्हा. गाठोडं काखेत घेऊन ती उभी होती. माहेरची बैलगाडी जुंपलेली.

मला राहवेना. "महाराज, जरा वर बघा की."

बाबाने बघितलं. गावानेही. हिरव्या ओळींवर शेवरीची दाट पालवी. करपलेल्या ओळींत शेवरीचे नुसते बोडके सोट.

"पाणी समद्या ओळींना सारखंच दिलंय," मी म्हणाले. "पानवेल सावलीतली. म्हणून तर तिच्यासाठी शेवरी लावायची. शेंगेचं झाड ते, वेलीवर छत्री धरतं अन् मातीला खतबी देतं. म्हसोबापाशी कोयता चालवत न्हाईत, म्हणून ह्या चार ओळी जगल्या. सावली पडली म्हणून न्हवं, सावली गेली म्हणून मळा जळाला! देवानं डोकं नुसतं टोपी ठेवायला दिलं न्हाई, बाबांनो. कुणाचा संसार मोडायच्या आधी ते वापरा."

"मग शेवरी बोडकी केली कुणी?" बाबा फिसकारला.

परगावचा, त्याला काय ठाऊक! गावाला मात्र ठाऊक होतं. कुणी टोपी सारखी केली, कुणी म्हसोबाला हात जोडले. अण्णा मातीत बघत राहिले.

सासू लंकाबाई पुढे झाली. सुनेच्या काखेतलं गाठोडं तिने हिसकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळली.

"आवं, कोयता तुमच्या हातात हुता. शेंडे तुमी छाटले. अन् त्यो पाला ह्या समद्यांनी भारे बांधून आपापल्या गोठ्यात नेला."