अण्णांना दिसतंय

"हा सिग्नल फार वेळ लाल राहतो, नाही का अण्णा?" मुलगा म्हणाला, आणि अण्णांनी ब्रेक दाबला.

गाडी झेब्रा पट्ट्यांवर अर्धी चढून थांबली. मागे फ्रेमला टेकवून बांधलेल्या काचा एकदा खणाणल्या आणि गप्प झाल्या. पट्ट्यांवरून जाणाऱ्या एका बाईने बॉनेटवर थाप मारून काहीतरी सुनावलं. अण्णांनी मान डोलावली. आपल्याला सिग्नल दिसला होता, हे त्या मानेने सांगितलं. मुलाने ते मान्य केलं. मान्य करणं हे त्याचं कामच होतं.

वास्तविक त्याचं काम काचेच्या दुकानात होतं. वडील मालक, हा मॅनेजर. पण दोन वर्षांपासून दिवसाचं पहिलं काम गाडीत, शेजारच्या सीटवर असे. "हल्ली पोरं सायकली अगदी रस्त्याच्या मधून चालवतात," असं तो सहज म्हणे आणि गाडी जरा बाजूला सरके. "या वळणावर पूर्वी खांब नव्हता, नाही?" असं विचारलं की खांब वाचे. बोलक्या स्वभावाचा मुलगा म्हणून त्याचं नाव झालं होतं. मुळात तो घुमा होता.

अण्णांना दिसेनासं झालं होतं. संपूर्ण नाही, कडेने दिसायचं, मधलं विरघळून जायचं. हे घरात सर्वांना ठाऊक होतं. म्हणजे एकेकट्याला ठाऊक होतं. एकत्र जमल्यावर ते कुणालाच ठाऊक नसे.

कारण त्या घरात उलट बोलायची पद्धत नव्हती. अण्णा तापट होते असंही नाही. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. कुणी "पण" म्हणालं की ते फक्त समोरचं ताट पुढे सरकवायचे आणि उठायचे. मग आईही जेवायची नाही. अण्णांची मुलगी एकदा ठरलेल्या लग्नाला नको म्हणाली, तेव्हा ताट दोन दिवस सरकलेलं राहिलं आणि तिसऱ्या दिवशी तिला ते स्थळ पसंत पडलं. आज तिचा संसार चालू आहे. चालू आहे, इतकंच त्याबद्दल सांगता येतं. माहेरी आली की ती सगळ्याला हो म्हणते.

दुकानातही हीच शिस्त. अण्णा माप घ्यायचे, कारागीर मुकाट कापायचे, आणि काच खिडकीत बसली नाही की कारागीरच गिऱ्हाइकाला सांगायचे, "साहेब, तुमची खिडकी फुगलीय." अर्ध्या गावाच्या खिडक्या दोन वर्षांत फुगल्या होत्या. नवी काच कापून गुपचूप बसवली जाई, जुनी मागच्या अंगणात जाई. अंगणातला काचांचा ढीग आता कंबरेएवढा झाला होता, आणि त्याला वळसा घालून जायची सर्वांना सवय झाली होती.

त्या संध्याकाळी जेवताना अण्णा म्हणाले, "उद्यापासून चिमीला शाळेत मी सोडणार. आजोबा-नात जाऊ मजेत. तू थेट दुकान उघडत जा."

चिमी सहा वर्षांची. ती खुर्चीवरच नाचली. आई म्हणाली, "बरं होईल." मुलगा म्हणाला, "हो अण्णा." तो हो तोंडातून निघाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की शेजारची सीट उद्या रिकामी असणार नाही. तिच्यावर त्याची मुलगी बसणार, आणि तिला सिग्नलबद्दल गप्पा मारता येत नाहीत.

भांडी घासताना बायकोने नळ मोठा सोडला. त्या घरात खरं बोलायचं असलं की नळ मोठा सोडावा लागे.

"तुम्ही हो म्हणालात," ती म्हणाली.

"वेळ बघून सांगतो."

"दोन वर्षं वेळच बघताय. घड्याळजीपण एवढं बघत नाही."

"मग तू सांग."

"सांगते की. पण मी सांगितलं तर सून उलट बोलली, एवढीच बातमी होईल. डोळ्यांचं राहील बाजूला." तिने एक पातेलं त्याच्या हातात दिलं. "अहो, अण्णा वाईट आहेत असं कुठे म्हणायचंय? त्यांनी गाडी चालवू नये, इतकंच म्हणायचंय. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत."

"आपल्या घरात त्या एकच आहेत," तो म्हणाला, आणि तेच पातेलं बराच वेळ पुसत राहिला.

सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून किल्ली फिरवत उभे होते. मुलाने आपल्या परीने सुरुवात केली.

"ब्रेक जरा ढिले वाटतायत."

"काल मीच चालवली ना? ठणठणीत आहेत."

"चिमीला सर्दी झालीय. आज राहू दे शाळा."

"मला नाही झाली सर्दी," चिमी म्हणाली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

अण्णांनी गाडी सुरू केली. आई दारात हात हलवायला उभी होती. बायको कुणाकडेच बघत नव्हती, फक्त नवऱ्याकडे. गाडी तसूभर पुढे सरकली, आणि मग काय झालं ते त्यालाही नीट सांगता येणार नाही. त्याने दार उघडलं आणि मुलीला दप्तरासकट उचलून बाहेर घेतलं.

"हे काय?" अण्णा म्हणाले.

"ती गाडीतून येणार नाही. तुम्हाला दिसत नाही, अण्णा."

"अरे, काहीतरीच काय," आई म्हणाली. सवयीने म्हणाली.

अण्णांनी इंजिन बंद केलं. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"दोन वर्षं."

"आणि तुझ्या आईला?"

"सगळ्यांना. दुकानातसुद्धा."

अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले. समोर भिंत होती. ती त्यांना कितपत दिसत होती कोण जाणे.

"मी रोज वाट बघायचो," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणीतरी म्हणेल. कुणीच काही म्हणत नव्हतं. म्हणून वाटायचं, अजून तेवढं गेलेलं नसेल."

इतकी वर्षं ज्याला मुलगा मान ठेवणं म्हणत होता, त्याने बापाला अंधारात एकटं बसवलं होतं. आणि ताट सरकवून सरकवून बापानेच ते दार आतून लावून घेतलं होतं.

पण माणूस एका सकाळीत बदलत नाही. अण्णा गाडीतून उतरले, भिंत चाचपत दारापर्यंत गेले आणि तिथे त्यांना जुनं बळ आलं. "रस्त्यात उभं करून बापाची शोभा केलीस. आज मला वाढू नका."

"वाढलेलं असेल, अण्णा," मुलगा म्हणाला. "जेवायचं तेव्हा जेवा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी येतो बरोबर. पण किल्ली माझ्याकडे राहील."

आत दार लागलं. आई त्या दाराकडे निघाली, मध्येच थांबली, आणि पायरीवरच बसली. कुठल्या बाजूला जायचं हे तिला कधी ठरवावंच लागलं नव्हतं.

मुलगा आणि चिमी चालत शाळेत गेले. फाटक लागलं होतं. शाळेच्या शिपाईबाई वही घेऊन उभ्या होत्या. "उशीर का झाला?"

"गाडी पंक्चर—" त्याची जीभ आपली आपणच निघाली होती. त्याने ती थांबवली. "घरी भांडण झालं."

शिपाईबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. असं कारण देणारा बाप त्यांना बहुधा प्रथमच भेटला होता.

"मिटलं का मग?"

"नाही," तो म्हणाला. "आत्ता कुठे सुरू झालंय."