विजयी इंजिनाचे शिल्पकार

मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन गेली बरीच वर्षं मीच करते, त्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांनीच लिहिलेला असतो. आपण तो "सांगायला अतिशय आनंद होतो" म्हणत वाचायचा आणि पाहुण्यांनी "एवढं काही नाही हो" अशा चेहऱ्यानं ऐकायचा. सगळ्या सभागृहाला हे माहीत असतं आणि कोणी कोणाला हसत नाही.

त्या रविवारी सकाळी सिंगापुरातल्या सेरंगूनच्या कम्युनिटी क्लबमध्ये आमचे अध्यक्ष शिरीष यांनी माझ्या हातात विक्रांतचा परिचय ठेवला. विक्रांतचं व्याख्यान होतं, 'मोटर रेसिंगचा इतिहास : इंजिन आणि टीम मॅनेजमेंट'. त्याआधी सत्कार. विक्रांत ज्या रेसिंग टीमचा मॅनेजर आहे, तिच्याच इंजिन विभागात माझा नवरा निशिकांत काम करतो. यंदा त्यांच्या गाडीनं मलेशियातली लांब पल्ल्याची शर्यत जिंकली, म्हणून हा सगळा थाट.

पहिलीच ओळ होती, 'विजयी इंजिनाचे शिल्पकार'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच शेवटपर्यंत वाचत गेले. निशिकांतचं नाव कुठेही नव्हतं.

आता शिल्पकार कोण, ते मी सांगते. गेल्या वर्षी त्यांची इंजिनं एकामागून एक जळत होती. का, ते कोणाला कळेना. निशिकांत जेवतानासुद्धा गप्प असायचा. एक दिवस मी बसमधून आमटीचा डबा घेऊन आले, तो वळणावर कलंडला आणि पिशवीत सगळी आमटी. मी चिडून सांगत होते आणि हा माणूस डब्याकडे बघत बसला. मग म्हणाला, इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, लांब वळणावर त्यातलं तेलही असंच एका बाजूला जातं, मग पंप नुसती हवा ओढतो आणि इंजिन कोरडं पडून जळतं. भांड्यात मध्ये पत्र्याचे आडोसे बसवले तर तेल जागेवर राहील.

हे त्यानं मीटिंगमध्ये सांगितलं. त्यावर विक्रांत काय म्हणाला? "त्यापेक्षा ड्रायव्हरना सांगा, त्या वळणावर हळू जा." शर्यतीत! गाडी पळवायला नेली होती की पोरं शाळेत सोडायला? शेवटी निशिकांतनं स्वतःच्या जबाबदारीवर ते आडोसे बसवून घेतले. फसलं असतं तर नोकरी गेली असती आणि नोकरीबरोबर इथे राहायचा पासही. बेडोकचा फ्लॅट, ऋचाचं कॉलेज, सगळं आवरून आम्ही पुण्याच्या विमानात बसलो असतो. गाडी जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी विक्रांत कॅमेऱ्यासमोर सांगत होता, "मी एक धाडसी निर्णय घेतला." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

कागद घेऊन मी निशिकांतकडे गेले. तो प्रोजेक्टरची वायर जोडत होता.

"हे वाचलंस?"

"हो. का? मराठी चांगलं आहे की."

"तुझं नाव नाही यात."

"सत्कार त्याचा आहे, संजीवनी. वाच आणि मोकळी हो. कशाला वाद?"

शेजारी बसलेली ऋचा कानातले इअरफोन काढून म्हणाली, "आई, इंजिन तर पपांनी फिक्स केलं, व्हॉट. विक्रांत अंकल ओन्ली टॉकिंग, लाह."

इथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत वाढलेल्या पोरीला कळतं, बापाला कळत नाही. आणि याच्यावर कडी म्हणजे, मंडळाचा जुना सभासद म्हणून शाल-श्रीफळ निशिकांतच्याच हस्ते द्यायचं ठरलं होतं. नोकरी पणाला लावायची यानं, मिरवायचं त्यानं, आणि वर त्याला शाल घालायची तीही यानंच!

मी माईकसमोर उभी राहिले. विक्रांत पहिल्या रांगेत चेहरा तयार करून बसला होता. 'विजयी इंजिनाचे शिल्पकार' एवढं वाचलं आणि पुढचं माझ्याच्यानं वाचवेना.

"माफ करा," मी म्हणाले. "परिचय पाहुणे स्वतः लिहितात, हे आपल्याला माहीत आहे. पण स्वतःबद्दल लिहायचं म्हणून दुसऱ्याचं काम आपल्या नावावर लिहू नये. हे इंजिन विक्रांतनी वाचवलेलं नाही. आणि हे लिहिताना त्यांना जराही लाज वाटली नाही, याचा मला संताप येतो."

विक्रांत उठला. हसत होता.

"वहिनी, हे मी लिहिलेलं नाही. निशिकांतनंच लिहून दिलंय. विचारा त्याला."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मी निशिकांतकडे पाहिलं. तो घडी केलेली शाल हातात धरून उभा होता आणि जमिनीकडे बघत होता.

"शिरीषनी सांगितलं, एकाच टीमचे आहात, तुम्हीच लिहा," तो हळूच म्हणाला. "आता स्वतःचं नाव स्वतःच कसं लिहायचं गं?"

आपलेच दात, आपलेच ओठ. चारचौघांत माझं नाक कापलं गेलं होतं, आणि कापणारा माझाच नवरा. आमच्याकडे हे लहानपणापासून शिकवतात, स्वतःची स्तुती करू नये, काम बोलतं. बोलत नाही! काम मुकं असतं. बोलतात ती माणसं, आणि जो बोलतो, काम त्याचं ठरतं.

विक्रांत अजून हसत होता. ते हसू मला सोसेना.

"ठीक आहे, तुम्ही लिहिलं नाही," मी म्हणाले. "पण वाचलं होतंत का?"

तो काही बोलायच्या आत शिरीष लगबगीनं पुढे आले. बिचाऱ्यांना वाटलं, वाद मिटतोय.

"हो हो, संजीवनीताई, वाचूनच ओके दिलंय त्यांनी. एकच दुरुस्ती सुचवली. 'टीम मॅनेजर' नको, 'टीम प्रिन्सिपल' लिहा, रेसिंगमध्ये ते पद मोठं असतं."

आता कोणी हसलं नाही. विक्रांतचं हसू गेलं. बाकीचं सगळं त्याला बरोबर वाटलं होतं. शिल्पकारही बरोबर वाटला होता.

काय करावं ते न सुचून शिरीष म्हणाले, "तर आता सत्कार." विक्रांत पुढे आला आणि त्यानं मान झुकवली. निशिकांत शाल उलगडून त्याच्यासमोर उभा राहिला. उभाच राहिला. मग माझ्या दिशेनं वळला आणि माईककडे हात केला. मी तो त्याच्या तोंडासमोर धरला.

"विक्रांत नको म्हणत असताना," निशिकांत म्हणाला, "तेलाच्या भांड्यातला तो थोडासा बदल मी केला होता."

एवढंच. मग त्यानं शाल विक्रांतच्या खांद्यांवर घातली, दोन्ही टोकं सारखी केली, नारळ दिला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. आधी ऋचानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. ती शालीसाठी नव्हती, हे शाल पांघरलेल्यालाही कळलं असावं. व्याख्यानात त्याच्या तोंडून 'मी' फारसा आला नाही. इतिहास मात्र त्यानं सांगितला. पूर्वी इंजिन बांधणाऱ्याचंच नाव गाडीला असायचं, असंही सांगितलं आणि घाईघाईनं पुढच्या चित्रावर गेला.

परतताना पाया लेबार स्टेशनवर आम्ही MRT मेट्रो बदलली. ऋचा मैत्रिणींबरोबर मागे राहिली होती. निशिकांत दाराच्या काचेकडे बघत होता. मग म्हणाला, "जास्त बोललो का गं मी?"

"जास्त? एक वाक्य बोललास, निशी. जन्मात एक. आणि त्यातही 'थोडासा' घातलास!"

त्यानं खरंच विचार केला. इंजिनाबद्दल विचारलं की करतो तसा.

"पण बदल तसा लहानच होता," तो म्हणाला.

बेडोक येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.